गेम खेळणाऱ्यांना सिनेमा सुचवताना

(शीव इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पुलाच्या कामाचा वळसा घालून तुम्ही इतके जण आलात, त्याबद्दल आधी आभार. शीव म्हणजे हद्द, वेस. मुंबई बेट इथं संपायचं आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची. आजही उपनगरातली रिक्षा इथंच थांबते आणि पुढं टॅक्सी करावी लागते. आजचा विषयही असाच वेशीवरचा आहे. अर्धा गेमच्या हद्दीत, अर्धा सिनेमाच्या.

झालं असं की, या भागातली काही मुलं एकत्र ऑनलाइन गेम खेळतात. कॉलेजातली आहेत, दोघं-तिघं नोकरीला लागलेली आहेत. ती आपसात दर शुक्रवारी एक पत्रक फिरवतात. वरच्या अर्ध्या भागात गेमच्या जगातल्या आठवड्याच्या बातम्या, खालच्या अर्ध्या भागात शनिवार-रविवारी बघण्यासाठी तीन-चार सिनेमे. गेल्या काही महिन्यांची पत्रकं त्यांनी मला वाचायला दिली आणि म्हणाले, "सर, यावर बोला. पण गेम वाईट असतात एवढंच बोलणार असाल तर नको." (हशा) अट मान्य करून आलोय.

मी ती पत्रकं एखाद्या साप्ताहिकाची समीक्षा करावी तशीच वाचली. आपल्याकडे सिनेमाच्या साप्ताहिकांची मोठी परंपरा आहे. नाशिकहून निघणारं 'रसरंग' आमच्या पिढीनं सलूनमध्ये नंबर येईपर्यंत वाचलंय. त्या मानानं या पोरांचं लिखाण नेटकं आहे. उगाच तारे वाटत नाहीत. कुठल्या नटाचं कुणाशी जमलं, याची एक ओळ नाही. कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणतात. हे गुण मोठ्या दैनिकांतही सापडत नाहीत. पण दोन गोष्टी मला खटकल्या. एक सिनेमाच्या यादीतली, दुसरी बातम्यांतली. आणि दोन्हींचं मूळ एकच आहे असं मला वाटतं.

आधी यादी. बारा-तेरा आठवड्यांच्या याद्यांमध्ये बहुतेक सिनेमे एकाच घरातले. गेमवरून केलेले, नाहीतर ज्यांच्यात गेम आहे असे. 'सुपर मारियो ब्रदर्स' १९९३ चा, तो किती वाईट होता हे सांगायला. मग २०२३ चा अ‍ॅनिमेशनवाला मारियो, त्यानं जगभरात १३० कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला हे सांगायला. मग २०२५ चा 'अ माइनक्राफ्ट मूव्ही'. प्रत्येकाखाली काय लिहिलंय? गेममधलं काय काय पडद्यावर आलं आणि काय राहून गेलं. अमुक हत्यार आहे, तमुक पात्र नाही, तिसऱ्या लेव्हलचं संगीत वाजलं. अहो, ही शिफारस नाही, हा हजेरीपट झाला. वर्गात कोण आलं, कोण गैरहजर. शिकवलं काय, ते कुठंय?

मारियोच्या २०२३ च्या सिनेमात मला स्वतःला हेच जाणवलं. चित्रं सुरेख आहेत, वेग आहे, ओळखीच्या खुणा जागोजागी पेरलेल्या आहेत. प्रत्येक खुणेला प्रेक्षक 'अरे, हे आपलंच' म्हणून सुखावतो. पण खेळताना मारियो मेला की चूक तुमची असते. उडी चुकली ती तुमच्या अंगठ्याची. ती जबाबदारी सिनेमात उरत नाही, आणि तिच्या जागी सिनेमानं दुसरं काही ठेवलेलं नाही. नुसती ओळख उरते. ओळखीचा आनंद खोटा नसतो, पण तो लग्नाच्या अल्बमसारखा असतो. ज्याचं लग्न त्यालाच. (हशा)

आता माइनक्राफ्टबद्दल थोडं थांबतो, कारण पत्रकात त्याची बातमी आहे आणि बातमीत मोठ्यांचीच री ओढली आहे. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये 'चिकन जॉकी' हे शब्द पडद्यावर आले की पोरं ओरडायची, पॉपकॉर्न उधळायची. काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले. पत्रकात याला 'थिल्लरपणा' म्हटलंय. उधळलेलं झाडणाऱ्या कामगाराच्या बाजूनं मीही आहे. पण लालबागच्या 'भारतमाता'ला दादा कोंडक्यांचा सिनेमा पाहिलेले कुणी इथं आहेत का? (काही हात वर) मग सांगा, तिथं काय शांतता असायची? शिट्ट्या, आरोळ्या, पुढचा संवाद पडद्याच्या आधी प्रेक्षकांच्या तोंडून. गिरणीतून पाळी संपवून आलेला माणूस गप्प बसायला तिकीट काढत नव्हता. चारचौघांत आपला विनोद, आपली भाषा ऐकू आली की माणूस दाद देतो. माइनक्राफ्ट घरात एकेकट्यानं खेळणारी पोरं पहिल्यांदाच तीनशे जणांच्या अंधारात बसली आणि त्यांना कळलं की आपल्याला जे ठाऊक आहे ते या सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्या आरडाओरड्यात मला तरी हे ऐकू येतं. सिनेमा बेताचाच आहे. घटना मोठी आहे. पत्रकानं सिनेमाची शिफारस केली आणि घटनेला नावं ठेवली. नेमकं उलटं व्हायला हवं होतं.

आता बातम्या. पत्रकातली बातमी एका ओळीची असते. अमुक गेमची तारीख पुढं गेली. तमुक स्पर्धेत अमका संघ जिंकला. 'जीटीए ६' दोनदा पुढं ढकलला गेला आणि आता १९ नोव्हेंबर २०२६ सांगतायत, हे तर वारंवार येतं. ठीक आहे. पण सगळ्या बातम्या एकाच मापाच्या कशा?

एक उदाहरण घेऊ. मागं वळून पाहणाऱ्या एका पत्रकात पबजीची जंत्री दिली आहे. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावानं तो परत आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. तारखा बरोबर आहेत. पण २ सप्टेंबर २०२० म्हणजे काय दिवस होते ते आठवा. शाळा बंद, कॉलेज बंद, मैदानं बंद. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. त्या खोलीतल्या पोराला चार जणांचं स्क्वॉड हीच बाहेर जायची एकमेव जागा होती. ती एका संध्याकाळी गेली. बंदी बरोबर की चूक, हा वेगळा वाद आहे आणि त्यात देशाच्या सुरक्षेचे प्रश्न होते. पण जी मुलं स्वतः त्या स्क्वॉडमध्ये होती, त्यांच्या पत्रकात तरी त्या संध्याकाळचं दोन ओळींत काही यायला नको? नाक्यावरचा कट्टा पाडला तर त्यावर आपण लेख लिहितो. हा कट्टाच होता ना?

दुसरं उदाहरण ऑगस्ट २०२५ चं. संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पत्रकात मथळा काय? गेमिंगवर बंदी. आणि खाली संतापाच्या चिन्हांची रांग. (हशा) अरे बाबांनो, बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या गेमवर. त्यांच्या जाहिराती करणंही गुन्हा ठरलं. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यानं वेगळं काढून मान्यता दिली. जुगाराच्या अंगानं जाणारा धंदा वेगळा आणि तुम्ही रात्री खेळता तो खेळ वेगळा, हे तुमच्या आई-वडिलांना कुणी समजावायचं? टीव्हीवाले समजावणार नाहीत. ते तुमचं काम होतं, आणि तुम्हीच दोन्हींची मोट बांधून मोकळे झालात. उद्या घरात 'गेमवर सरकारनं बंदी घातलीय, बंद कर' असं कुणी म्हणालं, तर त्या गैरसमजाला तुमचा मथळाही जबाबदार.

तर यादीत आणि बातमीत एकच गोष्ट राहून जाते. वस्तू दिसते, माणूस दिसत नाही. सिनेमात गेम आहे का, हे पाहिलं. बघणाऱ्याला काय होईल, हे पाहिलं नाही. बंदी आली हे सांगितलं. कुणाचं काय गेलं, हे सांगितलं नाही.

मग शिफारस कशाला म्हणायचं? त्यासाठी इथून गिरगावात जाऊ, आणि १९११ सालात.

दादासाहेब फाळके यांच्याबद्दल एक हकिकत सांगतात. एप्रिल महिना. ते थोरल्या मुलाला, भालचंद्रला घेऊन गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर हलणारे-चालणारे प्राणी पाहून पोरगं थक्क झालं. घरी येऊन आईला, सरस्वतीबाईंना सांगायला लागलं. घरात कुणाचाही विश्वास बसेना. पोराच्या गोष्टी, दुसरं काय! फाळक्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊनच गेले. ईस्टरचे दिवस होते, म्हणून त्या दिवशी प्राण्यांऐवजी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट लागला होता. तो पाहता पाहता आपल्या देवादिकांना पडद्यावर आणायचं त्यांच्या डोक्यात आलं, आणि ३ मे १९१३ ला गिरगावातच कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

ही गोष्ट आपण नेहमी फाळक्यांची म्हणून सांगतो. मला ती त्या मुलाची वाटते. सिनेमाची शिफारस एका मुलानं केली, घरच्यांनी ती उडवून लावली, आणि बाप म्हणाला, चला, आपण सगळेच जाऊ. शिफारस या शब्दाचा अर्थ माझ्या लेखी एवढाच. 'हे बघ' एवढ्यानं ती पुरी होत नाही. 'चल, मी बरोबर येतो' हे तिच्यात असावं लागतं.

ही कसोटी लावली तर यादी बदलते. मी तीनच सिनेमे सांगणार आहे.

पहिला, 'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन'. बेंजामिन री या दिग्दर्शकाचा नॉर्वेतला माहितीपट, २०२४ चा. सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचा आणि प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला, मग नेटफ्लिक्सवर आला. मॅट्स स्टीन नावाचा मुलगा. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार. चाकाच्या खुर्चीत, पुढं पुढं नुसती बोटं हलायची. दिवसचे दिवस 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळायचा. २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. आई-वडिलांना वाटलं, पोरगं बिचारं एकटं जगलं. ना मैत्री, ना प्रेम, ना कुणाच्या उपयोगी पडलं. त्यानं आपल्या ब्लॉगचा पासवर्ड ठेवला होता. वडिलांनी तिथं तो गेल्याचं लिहिलं, आणि देशोदेशीहून पत्रं यायला लागली. त्या गेममध्ये तो इबेलिन होता. लोक त्याच्याजवळ मन मोकळं करायचे. एका मुलीचा कॉम्प्युटर तिच्या पालकांनी काढून घेतला, तर यानं तिच्या आई-वडिलांना पत्र लिहिलं. एका आईला तिच्या ऑटिस्टिक मुलाशी बोलता येत नव्हतं, तर यानं तिला गेमच्या वाटेनं मुलापर्यंत जायला सांगितलं. आणि आपण आजारी आहोत, हे यातल्या कुणाला त्यानं कित्येक वर्षं कळू दिलं नव्हतं.

सिनेमाची रचना बघा. आधी घरच्या व्हिडिओंमधून त्याचं आयुष्य आई-वडिलांच्या नजरेनं सांगितलंय. ते संपतं. मग तीच वर्षं पुन्हा, या वेळी गेमच्या आतून. खेळाडूंच्या गटानं जपलेल्या संभाषणांच्या हजारो पानांच्या नोंदी होत्या. त्यातले संवाद घेऊन, अ‍ॅनिमेशननं तो काळ उभा केलाय. म्हणजे मुलाचं आयुष्य दोनदा बघायचं आणि पहिल्या वेळी आपण किती आंधळे होतो ते कळून घ्यायचं. मारियोनं गेममधून खुणा उचलल्या. यानं गेममधून माणूस उचलला.

पण समीक्षक आहे, तर खोडही काढतो. सिनेमा मॅट्सचे दोष दाखवतो, तो चिडायचा, जवळच्यांना दुखवायचा, हे लपवत नाही. तरी एक प्रश्न मला बोचत राहतो. या मुलाची मैत्री घरच्यांना खरी वाटली ती केव्हा? तो गेल्यावर. आणि आपल्याला ती खरी वाटते कारण तो इतका आजारी होता, इतका चांगला होता. मग जो पोरगा धडधाकट आहे, अभ्यासात बेताचा आहे, फार कुणाच्या उपयोगी पडलेला नाही, त्याच्या मैत्रीचं काय? ती खरी ठरायला त्यानं काय करायचं? या प्रश्नाला सिनेमा भिडत नाही. म्हणून तो एकट्यानं बघून डोळे पुसायचा सिनेमा नाही. तो आई-वडिलांबरोबर बघा. आणि संपल्यावर टीव्ही बंद करू नका, पाच मिनिटं बसा.

दुसरा, 'ग्रँड थेफ्ट हॅम्लेट', हाही २०२४ चा. इंग्लंडमध्ये टाळेबंदीत नाट्यगृहं बंद. सॅम क्रेन आणि मार्क ऊस्टरवीन हे दोन बेकार नट 'जीटीए ऑनलाइन' खेळत बसलेले. खेळता खेळता त्यांना गेममध्ये एक खुलं नाट्यगृह सापडतं, आणि ते ठरवतात, इथंच हॅम्लेट करू. सगळा माहितीपट गेमच्या आत चित्रित केलाय. ऑडिशन चालू असताना कुणीतरी येऊन गोळ्या घालतो, मध्येच पोलीस येतात. हसून मुरकुंडी वळते. आणि मग जगावं की मरावं हा प्रश्न, जिथं माणूस मिनिटाला दहा वेळा मरतो आणि पुन्हा उठतो त्या जागी विचारला जातो. तेव्हा हसू थांबतं. हॅम्लेट आपल्याला परका नाही. आगरकरांनी १८८३ मध्ये तो 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणला, गणपतराव जोशींनी गाजवला. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, तंबूत, कुठंही नाटक उभं करणाऱ्या लोकांचे आपण वारस. या दोघांनी केलं ते त्याच जातीचं. यातही खोड आहे. काही प्रसंग पुन्हा जुळवून घेतल्यासारखे वाटतात, घरातलं भांडण जरा सोयीनं कॅमेऱ्यासमोर येतं. पण हा सिनेमा एकट्यानं बघू नका. चौघं मिळून बघा, आणि पुढच्या आठवड्यात गेममध्ये एखादा मराठी प्रवेश करून बघा.

तिसऱ्यात गेम औषधालाही नाही. अविनाश अरुण यांचा 'किल्ला'. बर्लिन महोत्सवात २०१४ मध्ये मुलांच्या परीक्षक मंडळानं त्याला क्रिस्टल बेअर दिलं. वडील गेलेले, आईची बदली कोकणात, अकरा वर्षांचा चिन्मय नव्या शाळेत. मित्र मिळतात, सायकली घेऊन किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो, आणि मित्र त्याला तिथं सोडून निघून जातात. गेम खेळणाऱ्यांना मी हा का सुचवतो? कारण स्क्वॉडनं मागं सोडलं म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? फरक एवढाच की इथं नवा डाव सुरू करता येत नाही. उद्या त्याच शाळेत, त्याच बाकावर, त्याच मुलांसमोर जायचंय. हातात कंट्रोलर नसताना, काहीही बदलता येत नसताना बघत राहणं, हे सिनेमा देतो आणि गेम देत नाही. आणि पडद्यावरचा तो ओला, रिकामा किल्ला बघून झाला की स्टेशनजवळच्या आपल्या शीवच्या किल्ल्यावर एकदा जाऊन या. तुमच्यातले किती जण गेलेत? (दोन-तीन हात) बघा!

यात मी नवीन काही सांगत नाही. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं, फिल्म सोसायट्या चालल्या, त्यांचं तरी काय होतं? सिनेमा एकत्र बघायचा आणि मग त्यावर बोलायचं. बोलणं हा सिनेमाचाच भाग धरायचा. तुमच्याकडे गट आहे, दर शुक्रवारचा रिवाज आहे, रात्री दोनपर्यंत बोलायची सवय आहे. (हशा) फिल्म सोसायटीला लागतं ते सगळं आहे. तेव्हा चारऐवजी एकच सिनेमा सुचवा. त्याच्याखाली लिहा, कोण कोण बघणार आहे आणि कधी. बातम्या दहाऐवजी तीन द्या, पण तिसरी अशी द्या की ती घरी वाचून दाखवता येईल.

इथं एक प्रश्न आलाय, चिठ्ठीवर. मागं बसलेल्या एका ताईंचा आहे. "मुलगा रात्रभर खेळतो. मी त्याच्याबरोबर सिनेमा बघितला म्हणजे त्याचं खेळणं कमी होईल का?"

ताई, तसं वचन मी देणार नाही. झोप, अभ्यास, डोळे, ही तुमची काळजी खरी आहे आणि त्यावर घरात नियम हवेतच. मी एवढंच म्हणेन, नियम करायच्या आधी एकदा त्याच्या शेजारी बसून विचारा, तुझ्याबरोबर कोण कोण खेळतं? नावं विचारा. मॅट्सच्या आई-वडिलांना ती नावं अंत्यविधीला कळली. तुमच्या हातात आजची संध्याकाळ आहे. आणि पोरांनो, आई शेजारी येऊन बसली तर हेडफोन काढा. (हशा, टाळ्या)